खोट्याचे प्रायश्चित्त

सत्तरी ओलांडलेल्या इमॅन्युएल कांटने १७९७ साली एक छोटासा निबंध लिहिला आणि त्यातल्या एका उदाहरणाने आपल्या चाहत्यांना कायमचे अडचणीत टाकले. कुणाचा तरी जीव घ्यायला निघालेला माणूस तुमच्या दाराशी येतो. ज्याच्या मागावर तो आहे, तो तुमच्याच घरात लपलेला आहे. तो आत आहे का, असे तुम्हाला विचारले जाते आणि उत्तर टाळायची सोय नाही. कांट म्हणतो, तरीही खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही. त्याचा युक्तिवाद ऐकताक्षणी वाटतो तितका वेडगळ नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, मारेकरी माघारी वळला आणि तेवढ्यात मागच्या दाराने निसटलेला तुमचा मित्र नेमका त्याच्याच समोर गेला, तर त्या मृत्यूतला काही वाटा तुमच्या पदरात येतो. खरे बोलणाऱ्यावर मात्र पुढे जे घडेल त्याचा बोजा नाही. शिवाय साक्ष, करार, कायदा हे सारे माणसाच्या शब्दावर उभे असते. चांगल्या हेतूने का होईना, शब्द खोटा करण्याची मुभा एकदा दिली की एका माणसाचे नव्हे, सगळ्यांचे नुकसान होते. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाने याच्या उलट बाजू मांडली होती. ज्याला सत्य ऐकण्याचा अधिकार आहे त्याच्यापुरतेच खरे बोलण्याचे कर्तव्य असते, आणि दुसऱ्याचा जीव घ्यायला निघालेल्याला असा अधिकार उरत नाही, असे त्याचे म्हणणे. कांटचा निबंध हे त्यालाच उत्तर होते.

कांटच्या चित्रातला मारेकरी एकटा आहे आणि कायदा त्याच्या विरुद्ध आहे. तुम्ही खरे सांगितलेत आणि तो घर धुंडाळू लागला, तर तेवढ्यात शेजारी धावून येतील, त्याला पकडतील, ही शक्यता कांट स्वतःच मांडतो. १९४० नंतरच्या युरोपात दारात उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा पोलीस होता. त्याच्या हातात यादी होती, यादीवर सरकारी शिक्का होता, आणि शेजारी धावून आलेच तर कुणाच्या बाजूने येतील याचा भरवसा नव्हता. नेदरलँड्समध्ये १९४३ साली लपलेल्या ज्यूंना हुडकून देणाऱ्या एका डच टोळीला डोईमागे साडेसात गिल्डर मिळत. पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर १९४१ च्या फर्मानानंतर ज्यूंना आसरा देण्याची शिक्षा मृत्यू हीच होती. मार्कोवा या खेड्यात २४ मार्च १९४४ रोजी उल्मा नावाच्या शेतकरी जोडप्याला, त्यांच्या सहा मुलांना आणि त्यांच्या घरात लपलेल्या आठ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. अशा मुलखात ज्यांनी ज्यू कुटुंबे माळ्यावर, गोठ्यात, भिंतीआडच्या पोकळीत ठेवली, त्यांच्यासाठी कांटचा प्रश्न वर्गातला उरला नव्हता. त्यांना तो एकदा नव्हे, रोज सोडवावा लागे: दुकानदाराशी, पोस्टमनशी, रेशनच्या कचेरीतल्या कारकुनाशी. या लोकांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्यांच्या खोटे बोलण्याबद्दल मात्र आपण फारसा विचार करत नाही, कारण ते आपल्याला इतके उघड उघड बरोबर वाटते की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे मनातच येत नाही.

नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातले, ज्यूंना आसरा देणारे घड्याळजींचे टेन बूम कुटुंब या संदर्भात नेहमी आठवले जाते. धाकटी मुलगी कॉरी हिने नंतर लिहिलेल्या आठवणी जगभर वाचल्या गेल्या. २८ फेब्रुवारी १९४४ ला त्यांच्या घरावर धाड पडली. खोट्या भिंतीमागची सहा माणसे वाचली, पण ८४ वर्षांचे वडील कॅस्पर दहा दिवसांत कैदेत वारले आणि बहीण बेट्सी त्या वर्षाच्या डिसेंबरात राव्हेन्सब्रुक छावणीत मरण पावली. त्या आठवणींतली सर्वांत अस्वस्थ करणारी हकिगत मात्र दुसऱ्या बहिणीची, नोलीची आहे. नोली कधीच खोटे बोलत नसे. तिच्या घरी राहणाऱ्या तरुणीची कागदपत्रे बिनचूक होती, केस सोनेरी होते, ती सहज निभावून गेली असती. पोलिसांनी ती ज्यू आहे का असे विचारले आणि नोलीने हो म्हटले. दोघींनाही नेले. पुढे ज्यू कैद्यांना जिथे कोंडले होते त्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या नाट्यगृहातून काहीजणांना सोडवण्यात आले, त्यांत ती तरुणीही सुटली. भाविक वाचक यात ईश्वरी न्याय पाहतात. मला तसे करता येत नाही. त्याच नाट्यगृहातून हजारो माणसे वेस्टरबोर्कच्या छावणीत आणि तिथून मृत्युछावण्यांकडे गेली, आणि त्यांच्यातही खरे बोलणारे असतीलच. नोलीच्या सचोटीची किंमत तिने एकटीने मोजली असती तर तिला वंदन करता आले असते. पण ती किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाने चुकती होणार होती.

महाभारत वाचलेल्या माणसाला इथे कौशिक आठवल्यावाचून राहत नाही. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला त्याची कथा सांगतो. सत्याचे व्रत घेतलेला हा तपस्वी. लुटारूंच्या भीतीने पळालेली माणसे त्याच्या जवळच्या रानात शिरतात. मागून आलेले लुटारू वाट विचारतात, कौशिक खरे ते सांगतो, माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात सत्याच्या अपवादांची जी चर्चा केली आहे, तिच्यात या भागाचा आधार आहे. न बोलता सुटका होत असेल तर बोलू नये, बोलणे भागच पडले तर अशा वेळी खोटे बोलणे बरे, असा तो निर्णय. इथवर कुणाही शहाण्या माणसाची हरकत नसावी. पण महाभारतात आणखी एक पाऊल पुढे टाकलेले दिसते: जे प्राणिमात्रांच्या हिताचे, तेच सत्य. या सूत्राने कौशिकाचा प्रश्न सुटत नाही, नाहीसा होतो. आश्रय देणारी बाई दारात खोटे बोललीच नाही, तिने सत्यच सांगितले, असे म्हणायची सोय होते. ही सोय मला धोक्याची वाटते. हित कशात आहे हे ठरवणारा जो असेल त्याच्या हातात मग सत्याची किल्ली जाते, आणि त्या काळात ती किल्ली मागणारे सत्ताधीश कमी नव्हते. माणसांना मृत्यूकडे नेणाऱ्या गाड्यांना ‘पुनर्वसन’ म्हणणारी राजवटही राष्ट्रहिताच्याच नावाने बोलत होती. लपवणारे आणि नेणारे यांच्यातला फरक पर्वताएवढा आहे. म्हणूनच तो दाखवण्यासाठी सत्याची व्याख्या सैल करण्याची गरज नाही.

याहून शहाणपणाची वाट, जरा अनपेक्षित ठिकाणी, मनुस्मृतीत सापडते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले तो आधाराला घेताना हात आखडतो, आणि तो आखडावाच. तरीही आठव्या अध्यायातल्या साक्षीदारांच्या प्रकरणात एक तरतूद आहे. खरी साक्ष दिल्याने माणसाचा वध होणार असेल तर खोटे बोलावे, कारण तिथे ते सत्याहून श्रेष्ठ ठरते. ज्याच्या जिवासाठी ही मुभा आहे त्यात चारही वर्णांना एकच माप लावलेले आहे, हे त्या ग्रंथात विरळाच. पण लगेच पुढच्या श्लोकात सांगितले आहे की असे खोटे बोलणाऱ्याने वाग्देवी सरस्वतीला चरू अर्पण करून त्या पापाचे क्षालन करावे. ज्या कृतीला श्रेष्ठ म्हटले तिच्यासाठीच प्रायश्चित्त! तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही विसंगती वाटेल. मला ती नीतिविचारातली फार मोठी समज वाटते. खोटे बोलणे कर्तव्य होते आणि तरीही ते खोटेच होते. पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. कांटला पहिली गोष्ट मान्य नाही, हितालाच सत्य म्हणणाऱ्याला दुसरी. आणि प्रायश्चित्त वाणीच्याच देवतेपुढे घ्यायचे आहे, कारण दुखावलेली ती आहे. आश्रय देणाऱ्यांच्या खोट्याकडे मी याच नजरेने पाहतो, आणि त्यांच्यातल्या सर्वांत विचारी माणसांनी ते तसेच पाहिले होते असे मला दिसते.

दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावरच्या ल शाँबों-सुर-लिन्यों या गावाचे उदाहरण घेऊ. गाव प्रॉटेस्टंटांचे, म्हणजे कॅथलिक राजांच्या छळाची शतकांची आठवण जपणारे. फ्रान्सने शस्त्रे खाली ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० ला, आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस या धर्मोपदेशकांनी चर्चमध्ये सांगितले की हिंसेचा प्रतिकार आत्म्याच्या शस्त्रांनी करणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे. पुढच्या चार वर्षांत त्या पठारावरच्या शेतघरांत, खानावळींत, मुलांच्या वसतिगृहांत मोठ्या संख्येने ज्यू राहिले. पाच हजार हा आकडा वारंवार सांगितला जातो, इतिहासकार तो कमी धरतात. या निबंधापुरता त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो या गावाने सत्याशी जे वर्तन ठेवले त्याने. १० ऑगस्ट १९४२ ला जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचे मंत्री लामिराँ गावात आले. पॅरिसमध्ये तेरा हजारांच्या आसपास ज्यूंची धरपकड होऊन महिनाही झाला नव्हता. गावातल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी मंत्र्यांच्या हाती पत्र ठेवले: आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद करत नाही, त्यांना न्यायला आलात तर आम्ही त्यांना लपवू. सरकारच्या तोंडावर इतके उघड सत्य क्वचितच कुणी सांगितले असेल. दोन आठवड्यांनी पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि नावे मागितली. त्रोक्मे म्हणाले, मला नावे माहीत नाहीत. हे बरेचसे खरेही होते, कारण कोण कुठे आहे हे एकमेकांना माहीतच होऊ नये अशी व्यवस्था होती आणि त्यांच्या कानावर येत ती नावे बनावट होती. न बोलता सुटका व्हावी म्हणून अज्ञान आधीच रचून ठेवायचे, हा कर्णपर्वातल्या निर्णयाचा त्यांना ठाऊकही नसलेला अवलंब होता.

पण अज्ञानाने सगळे भागत नव्हते. ओळखपत्रे लागत, रेशनकार्डे लागत. ओस्कार रोसोव्स्की नावाचा विशीच्या आतबाहेरचा ज्यू तरुण एका शेतघरात बसून ती बनवत असे आणि घरमालक ती मधमाश्यांच्या पेट्यांत दडवत. या गावावर अभ्यास करणारे फिलिप हॅली नोंदवतात की बनावट कागदांशी त्रोक्मे मंडळींचे मन कधीच पुरते जुळले नाही. ते कागद वापरले गेले, वाटले गेले, त्यांच्यावाचून माणसे मेली असती हे सर्वांना कळत होते. तरी टोचणी राहिली. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेस आणि शाळामास्तर दार्सिसाक यांना अटक करून लिमोजजवळच्या छावणीत ठेवले. महिनाभराने सुटकेची वेळ आली तेव्हा व्हिशी सरकारचे प्रमुख मार्शल पेताँ यांच्या आज्ञा पाळण्याच्या हमीवर सही मागण्यात आली. दोघा धर्मोपदेशकांनी नकार दिला. स्वतःच्या सुटकेसाठी एक खोटी सही करायला ते तयार नव्हते, आणि त्याच वेळी त्यांच्या गावात खोट्या सह्यांचा ढीग पडला होता! (नकार देऊनही ते सुटले, ही सरकारी कारभाराची गंमत.) पुढे १९४४ मध्ये लियोंच्या स्टेशनावर त्रोक्मे पकडले गेले तेव्हा त्यांच्या खिशात बनावट नावाचे ओळखपत्र होते, विचारलेच तर खरे नाव सांगायचे असे त्यांनी मनाशी ठरवले. गर्दीत निसटता आले म्हणून ती वेळ आली नाही. मला हा निर्धार जरा अतिरेकी वाटतो. त्यांचे खरे नाव उघडकीला आले असते तर त्यांच्याआडून इतरांपर्यंत पोहोचायला शोध घेणाऱ्यांना वेळ लागला नसता. नोलीवर जो आक्षेप घेतला तोच इथेही लागू पडतो. पण त्यामागची रेघ समजण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या जिवासाठी जे खोटे पत्करले ते स्वतःच्या सोयीसाठी वापरायचे नाही. ही रेघ ज्याला ओढावीशी वाटते, त्याच्या लेखी खोट्याचे खोटेपण शाबूत आहे.

कॉन्स्टंटचा अनुयायी म्हणेल, हा सगळा खटाटोप कशाला? गेस्टापोला सत्याचा हक्कच नव्हता, मग त्यांना फसवण्यात डाग कसला? हा आक्षेप जोरकस आहे, आणि दाराच्या उंबऱ्यापुरता तो मी मान्यही करीन. पण खोटे उंबऱ्यावर थांबत नाही. लपलेल्या माणसाला जेवायला लागते, म्हणून दुकानदाराला फसवावे लागते. आपल्याच लहान मुलांना सांगावे लागते की माळ्यावर कुणी नाही, कारण मूल शाळेत बोलून जाईल. ‘ही माझ्या गावाकडची भाची’ असे सांगून शेजारणीला वर्षानुवर्षे फसवावे लागते, आणि ती शेजारीण कदाचित मदतच करणारी असते. सर्वांत जास्त फसवणूक होते ती लपलेल्या मुलाची: नवे नाव, नवा धर्म, नव्या प्रार्थना, आणि आईवडील कुठे आहेत याचे बनावट उत्तर. या सगळ्यांना सत्याचा हक्क नव्हता असे कॉन्स्टंटही म्हणणार नाही. त्यांचा हक्क होता, आणि तो जिवासाठी मोडला गेला. जे मोडले त्याचे देणे लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. प्रायश्चित्त वगैरे सुरक्षित घरात बसून सुचते, हिवाळ्यात गोठ्यात चार माणसे दडवणाऱ्या शेतकऱ्याला मनाची टोचणी कुरवाळायला सवड कुठली? खरेच आहे. मनातली हळहळ हे प्रायश्चित्त म्हणून मलाही पुरेसे वाटत नाही, आणि ती कुणावर लादण्याचा अधिकार तर नाहीच. माझे म्हणणे कृतीबद्दल आहे. वॉर्सातल्या समाजसेविका इरेना सेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बंदिस्त ज्यू वस्तीतून बाहेर काढलेली मुले पोलिश कुटुंबांत, अनाथालयांत, मठांत ठेवली. त्यांना कॅथलिक नावे दिली, कुणी अचानक विचारले तर म्हणता याव्यात म्हणून प्रार्थना पाठ करून घेतल्या. पण सेंडलर पातळ कागदांवर प्रत्येक मुलाचे खरे नाव आणि त्याच्याशेजारी नवे नाव लिहून ठेवत होत्या. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणा होता: यादी सापडली असती तर सगळेच संपले असते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना अटक झाली, छळ झाला, यादी सापडली नाही. नंतर ती बाटल्यांत घालून एका सहकारी स्त्रीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरली गेली आणि युद्धानंतर ज्यू समितीच्या हाती दिली गेली. ज्या क्षणी खोटे सांगितले जात होते त्याच क्षणी सत्य परत करण्याची तजवीज चालू होती, जीव धोक्यात घालून. सावकाराच्या खतावणीसारखी दोन रकाने असलेली ती यादी म्हणजे मला मनूने सांगितलेल्या सरस्वतीच्या चरूचे सर्वांत उत्तम रूप वाटते. अनेक मुलांचे आईवडील त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले होते, यादी न्यायला कुणी येईल याची शाश्वती नव्हती. तरी ती लिहिली गेली.

असे देणे कुणी लागतच नाही असे मानले तर काय होते, हे फ्रान्सच्या फिनाली प्रकरणात दिसते. ऑस्ट्रियातून पळून आलेल्या ज्यू डॉक्टराची दोन छोटी मुले ग्रेनोब्लमधल्या नगरपालिकेच्या पाळणाघराच्या संचालिका आंत्वानेत ब्रुन यांच्याकडे आली. आईवडील १९४४ मध्ये पकडले जाऊन आउश्विट्झला मारले गेले. ब्रुनबाईंनी मुले वाचवली, स्वतःचा जीव धोक्यात घालून. १९४५ पासून मुलांची आत्या त्यांना मागत होती. ब्रुनबाईंनी ती दिली नाहीत, १९४८ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा करवला, आणि १९५३ मध्ये न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर काही धर्मगुरू आणि जोगिणींच्या मदतीने मुले सीमेपलीकडे स्पेनमध्ये दडवली गेली. त्याच पद्धती होत्या: खोटी नावे, मठ, रात्रीचे डोंगरातले रस्ते. देशभर गदारोळ झाला, अटका झाल्या, अखेर मुले परत आली आणि जुलै १९५३ मध्ये नातलगांकडे इस्रायलला गेली. नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न हजारो घरांतला होता. १९४५ मध्ये अनाथ ज्यू मुलांच्या ताब्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षपदी गेझिना व्हान डर मोलेन होत्या, ज्यांनी स्वतः प्रतिकार चळवळीत राहून ज्यू मुले वाचवली होती. आणि मुलाला ज्या ख्रिस्ती घरात माया मिळाली तिथेच राहू द्यावे याकडे त्यांचा कल असल्याबद्दल ज्यू समाजाने त्यांच्यावर कडाडून टीका केली. त्यांची बाजू पोकळ नव्हती. पाच वर्षांच्या मुलाला जिला तो आई म्हणतो तिच्यापासून तोडणे ही नवी इजा आहे, आणि काही मुले तिने मोडलीही असतील. पण त्या घराचा त्या मुलावरचा हक्क उभा होता तो एका खोट्यावर, आणि ते खोटे मुलाला त्याच्या माणसांकडून हिरावण्यासाठी नव्हे, मारेकऱ्यांकडून वाचवण्यासाठी सांगितले गेले होते. मुलाने कुठे राहावे याचे उत्तर प्रत्येक घरी वेगळे निघू शकले असते; त्याचे खरे नाव, त्याची माणसे कोण होती, ती कशी गेली, हे त्याला सांगायचे की नाही याचे उत्तर मात्र वेगळे निघू शकत नव्हते. ब्रुनबाईंच्या १९४४ च्या धैर्यातले कणभरही १९५३ मुळे कमी होत नाही, आणि ते धैर्य १९५३ च्या न्यायालयात त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून चालतही नाही.